सॅव्हॉयच्या आधीचा सलिव्हन

१८६६ हे साल घ्या. त्या वर्षी १० मार्चला लंडनजवळच्या सिडनहॅममधल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये आर्थर सलिव्हनची सिंफनी पहिल्यांदा वाजली. ३० ऑक्टोबरला नॉरिचच्या संगीत महोत्सवात त्याचं 'इन मेमोरियम' हे ओव्हर्चर झालं. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच २४ नोव्हेंबरला पुन्हा क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याचा चेलो कॉन्चेर्टो सादर झाला. सलिव्हनने त्या मे महिन्यात नुकतं चोविसावं वर्ष पुरं केलं होतं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये इतक्या कमी वयात वाद्यवृंदासाठी एवढं काम एका वर्षात लोकांपुढे आणणारा दुसरा कोणी सांगता येणार नाही.

याच वर्षी त्याने मित्रमंडळींच्या घरगुती कार्यक्रमासाठी आणखी एक छोटी गोष्ट संगीतबद्ध केली. एक घरमालक एकच खोली दोन भाडेकरूंना देतो. एक रात्रपाळीचा, दुसरा दिवसपाळीचा, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. 'कॉक्स अँड बॉक्स' ही ती संगीतिका. तिच्याकडे तेव्हा कोणी फारसं गांभीर्याने पाहिलं नाही. पुढे मात्र जगाने सलिव्हनला ओळखलं ते याच घराण्यातल्या कामांमुळे. डब्ल्यू. एस. गिल्बर्टच्या शब्दांवर त्याने रचलेली 'एच. एम. एस. पिनाफोर', 'आयोलान्थी', 'द मिकाडो' ही विनोदी ऑपेरा आजही वाजतात. १८६६ मधल्या त्या तीन मोठ्या कृती मात्र संगीताच्या इतिहासात तळटिपेपुरत्या उरल्या.

या कृतींबद्दल आजवर जे लिहिलं गेलं, त्याचे ढोबळमानाने दोन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, ही एका हुशार विद्यार्थ्याची मेंडेल्सनछाप उमेदवारी आहे. बरं झालं, त्याला वेळेवर आपली वाट सापडली. दुसरा पक्ष हळहळतो: इंग्लंडला एक मोठा सिंफनीकार मिळणार होता, तो गल्ल्याच्या नादाने नाटकघरात हरवला. या रचना मी गेली बरीच वर्षं पुन्हापुन्हा ऐकतो आहे आणि मला दोन्ही पक्ष चुकलेले वाटतात. या रचनांमध्ये घडलेला माणूस आणि त्या विनोदी ऑपेरांसाठी लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमधल्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यासमोर उभा राहिलेला माणूस एकच आहे. वाद्यांशी बोलण्याची त्याची रीत दोन्हीकडे तीच. त्याच्या उणिवाही दोन्हीकडे त्याच आहेत.

वाद्यांची ही ओळख त्याला कुठून मिळाली, याचं उत्तर शाळेत सापडत नाही, घरात सापडतं. वडील टॉमस सलिव्हन क्लॅरिनेट वाजवायचे. १८४५ पासून ते सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात बँडमास्तर होते. लहानगा आर्थर बँडच्या तालमीच्या खोलीतच वाढला आणि आठव्या वर्षापर्यंत बँडमधली जवळजवळ सगळी फुंकवाद्यं त्याच्या हाताखालून गेली. पुढे कॉन्झर्व्हेटरीत शिकलेल्या बहुतेक तरुणांचा वाद्यवृंद पियानोवर जन्मतो आणि मग वाद्यांना वाटून दिला जातो. सलिव्हनचं तसं नाही. ओबोला कुठे श्वास घ्यावा लागतो, क्लॅरिनेटचा खालचा सूर किती ऊबदार असतो, हॉर्न कुठे दगा देतो, हे त्याला स्वरलेखन शिकण्याआधीपासून ठाऊक होतं. त्याच्या कुठल्याही रचनेत फुंकवाद्यांना जे मोकळं रान मिळतं, त्याचं मूळ सँडहर्स्टच्या त्या खोलीत आहे.

१८५४ मध्ये तो राजघराण्याच्या चॅपल रॉयलच्या गायकवृंदात दाखल झाला. १८५६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, मेंडेल्सन शिष्यवृत्तीचा तो पहिला मानकरी ठरला. स्पर्धकांमध्ये तोच सगळ्यात लहान होता. सुरुवातीला रॉयल अकॅडमीत स्टर्नडेल बेनेट आणि जॉन गॉस यांच्याकडे शिक्षण झालं, मग १८५८ मध्ये तो लाइप्झिगला गेला. तिथली कॉन्झर्व्हेटरी मेंडेल्सननेच १८४३ मध्ये काढलेली. मेंडेल्सनला जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण संस्थेवर छाप त्याचीच होती. मोरिट्झ हाउप्टमान काउंटरपॉइंट शिकवत, युलिउस रीट्झ रचना, इग्नाझ मोशेलेस पियानो. ज्याच्यासाठी मेंडेल्सनने आपला व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिला तो फर्डिनांड डाव्हिडही तिथेच होता. त्याच सुमारास नॉर्वेहून एडवर्ड ग्रीग नावाचा एक मुलगाही तिथे शिकायला आला होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा शेवटच्या वर्षाच्या खर्चासाठी सलिव्हनच्या वडिलांनी जादा काम पत्करलं.

लाइप्झिगमधल्या एका रचनेचा उल्लेख भारतीय वाचकासाठी मुद्दाम करायला हवा. १८६० मध्ये सलिव्हनने 'द फीस्ट ऑफ रोझेस' हे ओव्हर्चर लिहिलं. त्याचा आधार टॉमस मूरचं 'लल्ला रूख' हे त्या काळी युरोपभर गाजलेलं काव्य. दिल्लीहून काश्मीरकडे निघालेल्या मोगल राजकन्येची ती कथा. तिच्यातल्या एका उपकथेत काश्मीरचा गुलाबांचा उत्सव आहे, जहांगीर आणि नूरमहल यांचं भांडण आहे आणि मग गाण्याने झालेला समेट आहे. अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने जर्मनीत बसून आयरिश कवीच्या डोळ्यांनी पाहिलेला काश्मीर वाद्यांतून कसा उभा केला असेल, हे ऐकायला मी काहीही दिलं असतं. पण त्याची स्वरसंहिता हरवली आहे.

शिक्षण संपताना, एप्रिल १८६१ मध्ये, लाइप्झिगला त्याच्या 'द टेम्पेस्ट'चं संगीत वाजलं. शेक्सपिअरच्या नाटकासाठी लिहिलेलं हे प्रसंगसंगीत: प्रवेशांच्या मधले वाद्यतुकडे, नृत्यं आणि एरियलची गाणी. लंडनला परतल्यावर त्याने त्यात भर घातली. ५ एप्रिल १८६२ रोजी क्रिस्टल पॅलेसमध्ये आउगुस्ट मान्स यांच्या संचालनाखाली ते सादर झालं आणि श्रोत्यांनी इतकं उचलून धरलं की पुढच्याच शनिवारी पुन्हा वाजवावं लागलं. या दुसऱ्या प्रयोगाला चार्ल्स डिकन्स आला होता आणि नंतर तो मुद्दाम येऊन या तरुणाला भेटला. सलिव्हनला विसावं वर्ष लागलं होतं, आणि एका आठवड्यात लंडनच्या संगीतजगात त्याचं नाव झालं.

क्रिस्टल पॅलेसबद्दल इथे दोन शब्द हवेत, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट घडलीच नसती. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला तो काचमहाल नंतर हाइड पार्कमधून सिडनहॅमला हलवला गेला. १८५५ पासून तिथे मान्स दर शनिवारी कायमस्वरूपी वाद्यवृंदाचे कार्यक्रम करू लागला. पॅलेसचा सचिव जॉर्ज ग्रोव्ह हा मूळचा अभियंता. पुढे संगीतकोशाचा संपादक म्हणून त्याचं नाव अमर झालं. मान्सची छडी, ग्रोव्हची रसिकता आणि रोज एकत्र वाजवणारे वादक ही त्रिवेणी लंडनमध्ये दुसरीकडे कुठे नव्हती. इतरत्र वादक आज इथे, उद्या तिथे असे रोजीवर फिरत आणि एखाद्या तालमीवर कार्यक्रम उरकला जाई. नवख्या रचनाकाराला नीट तालीम झालेलं आपलं काम ऐकायला मिळणं ही त्या काळी मोठीच चैन होती. सलिव्हनला ती मिळाली.

'टेम्पेस्ट' आज ऐकताना मेंडेल्सनच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'ची आठवण होतेच, ती टाळण्यात अर्थ नाही. पऱ्यांच्या जगासाठी मऊ फुंकवाद्यं, वर व्हायोलिनचं झिरझिरीत वस्त्र, ही रीत तिथलीच. पण 'बँक्वेट डान्स' ऐका. मेजवानीच्या नाचाचा हा तुकडा लहानसाच आहे आणि त्यातली चाल इतकी नेटकी बेतलेली आहे की कुठे शिवण दिसत नाही. अप्सरा आणि कापणी करणारे मजूर यांच्या नाचात तर मेंडेल्सनच्या पऱ्यांपेक्षा जास्त माती आहे, जास्त पाय आहेत. रंगमंचावर कोण येतंय, कोण जातंय, कुणाच्या हातात काय आहे, हे संगीतातून दाखवण्याची दृष्टी या मुलाला आधीपासून होती. पहिल्याच कृतिक्रमांकाची (ओपस १) ही कृती नाटकासाठीची असावी, याला मी योगायोग मानत नाही.

१८६२ च्याच डिसेंबरात डिकन्स आणि संगीतसमीक्षक हेन्री चोर्ली यांच्यासोबत सलिव्हन पॅरिसला गेला. तिथे म्हाताऱ्या रोसिनीशी त्याची गाठ पडली आणि दोघांनी 'टेम्पेस्ट'चे तुकडे एका पियानोवर चार हातांनी वाजवले. रोसिनीनेही बाराव्या वर्षी तंतुवाद्यांसाठी सहा सोनाटा लिहिल्या होत्या आणि मग आयुष्य ऑपेराला दिलं होतं. विनोदी ऑपेराचा सगळ्यात मोठा उस्ताद आणि त्याचा भावी वारसदार एका बाकावर बसलेले, आणि वाजतंय शेक्सपिअरचं वादळ. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

यानंतरची तीन वर्षं धावपळीची. १८६३ मध्ये युवराजाच्या लग्नानिमित्त मिरवणुकीचे मार्च. १८६४ मध्ये कोव्हेंट गार्डनसाठी 'लील आंशांते' हे बॅले. तिथे तो ऑर्गनवादकाची नोकरी करत होता. बॅले लिहिताना रंगमंचावरच्या यंत्रांच्या गरजेनुसार चार पट्ट्या वाढवा, आठ कमी करा असं करावं लागे, आणि हा धडा पुढे फार कामी आला. या बॅलेतला एक तुकडा त्याने १८७१ मध्ये गिल्बर्टबरोबरच्या पहिल्याच प्रयोगात, 'थेस्पिस'मध्ये, वापरला. बर्मिंगहॅमसाठी लिहिलेलं 'केनिलवर्थ' मात्र पडलं. चोर्लीचे शब्द त्याला जबाबदार होते असं म्हणतात, आणि ते शब्द वाचल्यावर मला ते पटतं.

पोटासाठी तो चर्चमध्येही ऑर्गन वाजवत होता. लंडनच्या चेस्टर स्क्वेअरमधल्या सेंट मायकल चर्चमध्ये त्याला पुरुष गायक मिळेनात. तेव्हा त्याने जवळच्या पोलीस चौकीतून शिपाई गोळा केले आणि त्यांच्याकडून टेनर आणि बास गाऊन घेतले. चाली मोजक्या गिनींना प्रकाशकांना एकरकमी विकल्या जात आणि मग प्रकाशक वर्षानुवर्षं त्यांवर कमावत. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे येणाऱ्या मोठ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

आता सिंफनी. १८६३ च्या उन्हाळ्यात सलिव्हन बेलफास्टकडे फिरायला गेला होता. एका संध्याकाळी उघड्या घोडागाडीतून परतताना पाऊस आणि वारा सुरू झाला आणि पहिल्या भागाची कल्पना त्याला त्या पावसातच सुचली. तिला खरी आयरिश चव आहे, असं त्याने आईला लिहिलं. वडिलांकडून आणि आईकडूनही रक्तात आयर्लंड होतंच. तरी सिंफनीला 'आयरिश' हे नाव द्यायला तो धजला नाही. मेंडेल्सनच्या 'स्कॉटिश' सिंफनीशी लोक तुलना करतील, अशी त्याला भीती होती. त्यामुळे ती 'सिंफनी इन ई' म्हणूनच वाजली. आयरिश हे नाव छापील प्रतीवर आलं ते त्याच्या मृत्यूनंतर.

सिंफनीचे चार भाग आहेत. पहिल्याचा संथ प्रारंभ गंभीर आहे, पितळी वाद्यांची हाक आणि तंतुवाद्यांचं उत्तर अशी त्याची मांडणी. मग येणारा वेगवान भाग ई मायनरमध्ये आहे. पावसाळी, थोडासा बेचैन, आणि मला तरी मेंडेल्सनपेक्षा शुमानच्या जास्त जवळचा वाटणारा. दुसरा, संथ भाग मोकळ्या गळ्याने गातो. चौथा उत्साही आहे आणि तिथे मात्र सलिव्हनची उणीव उघडी पडते: कल्पना चांगली असते, पण ती वाढवायची वेळ आली की तो तिला वेगळ्या सुरात पुन्हा म्हणतो, मग पुन्हा एका पायरीवर. बीथोव्हन एक बी घेऊन झाड करतो. सलिव्हन सुंदर फूल तोडून आणतो आणि ते वेगवेगळ्या फुलदाण्यांत ठेवून दाखवतो. हे सिंफनीला पुरत नाही. गाण्याला पुरतं, आणि नाटकातल्या गाण्याला तर भरपूर पुरतं.

पण तिसऱ्या भागाबद्दल मी कुणाचं ऐकून घेणार नाही. सिंफनीच्या तिसऱ्या जागी वेगवान, उसळता स्केर्झो ठेवायची रीत होती. सलिव्हनने तिथे मध्यम लयीतलं अलेग्रेत्तो ठेवलं आणि त्यातली मुख्य चाल ओबोला दिली. खाली तंतुवाद्यांची हलकी साथ, वर ओबोची अशी एक चाल, जी पहिल्यांदा ऐकताना चेष्टेखोर वाटते, आणि दुसऱ्यांदा कानावर पडते तेव्हा तिच्या टोकाला थोडी उदासी लागलेली असते. एका मित्राच्या घरी मी हा भाग पहिल्यांदा ऐकला आणि तबकडी थांबवून पुन्हा लावायला सांगितली. गुणगुणता येते म्हणून कुणी त्या चालीला हलकी म्हणो. मला ती सलिव्हनची सगळ्यात खरी चाल वाटते. बँडमास्तराच्या मुलाने ओबोला दिलेलं हे देणं आहे. सिंफनीच्या पहिल्या प्रयोगानंतर टीकाकारांनी तिचं स्वागत केलं, लगोलग लंडनमध्ये ती आणखी दोनदा वाजली. स्टर्नडेल बेनेटची १८६४ ची सिंफनी सोडली, तर तेव्हाच्या इंग्लंडात इतक्या उमेदीने ऐकलं गेलेलं दुसरं नवं काम नव्हतं. पॅरी आणि स्टॅनफर्ड यांच्या सिंफनी पुढे आल्या आणि एल्गारची तर १९०८ मध्ये.

सप्टेंबर १८६६ मध्ये सलिव्हनपुढे वेगळाच पेच आला. नॉरिच महोत्सवाने त्याच्याकडे नवी रचना मागितली होती आणि काही केल्या काही सुचत नव्हतं. हे काम सोडून देतो असं तो वडिलांना म्हणाला. वडिलांनी त्याला धीर दिला, निराश होऊ नकोस म्हणाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २२ सप्टेंबरला, वडील अचानक गेले. त्या दुःखात बसून त्याने दहा दिवसांच्या आत एक ओव्हर्चर लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'इन मेमोरियम', स्मरणार्थ. सुरुवातीला एक शांत, प्रार्थनेसारखी चाल येते. मधे अस्वस्थ, वेगवान भाग. शेवटी तीच प्रार्थना सगळ्या वाद्यवृंदाच्या आणि ऑर्गनच्या भारदस्त आवाजात परत येते. हा शेवट जरा जास्तच मोठा आहे, व्हिक्टोरियन काळाला मोठ्या आवाजाचं दुःख आवडायचं. पण सुरुवातीच्या त्या चालीतला साधेपणा अस्सल आहे. ज्याने फुंकवाद्यं शिकवली तो माणूस गेला आहे आणि मुलगा त्याच्याचसाठी फुंकवाद्यांशी बोलतो आहे, हे कळल्यावर ते ओव्हर्चर वेगळ्याच कानाने ऐकलं जातं.

नॉरिचनंतर महिनाभराच्या आत झालेला चेलो कॉन्चेर्टो अल्फ्रेदो पियाती या इटालियन चेलोवादकासाठी होता. लंडनच्या चेंबर संगीताच्या मैफलींचा तो कणा होता. हा कॉन्चेर्टो विचित्र आहे. पहिला भाग इतका छोटा की जेमतेम सुरू होतो आणि संपतो, कुठे काही विस्तारत नाही. मधला संथ भाग मात्र चेलोच्या आवाजाला मनसोक्त गाऊ देतो. शेवटच्या भागात वादकाची बोटं चाचपली जातात. मला वाटतं सलिव्हनने विस्ताराची आपली अडचण ओळखली आणि पहिल्या भागात सरळ विस्तारच गाळला. कुणाला ही पळवाट वाटेल. चेलो वाजवणाऱ्या एका तरुणाने मला सांगितलं की पहिला भाग त्याला एखाद्या पत्राच्या मायन्यासारखा वाटतो, खरं पत्र दुसऱ्या भागात सुरू होतं.

१८६७ मध्ये फिलहार्मोनिक सोसायटीसाठी वॉल्टर स्कॉटच्या काव्यावरचं 'मार्मियन' ओव्हर्चर झालं. त्यात रंग आहे, लढाई आहे, पण ते लक्षात राहत नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ग्रोव्ह आणि सलिव्हन शूबर्टची हरवलेली हस्तलिखितं शोधायला व्हिएन्नाला गेले. 'रोझामुंडे' नाटकाच्या संगीताचे वाद्यभाग सापडत नव्हते. शेवटच्या दिवशी डॉक्टर श्नायडर नावाच्या गृहस्थांच्या घरातल्या कपाटात ते सापडले, चाळीसहून जास्त वर्षांची धूळ अंगावर घेऊन, बासन बांधलेले. दोघे मध्यरात्र उलटून गेल्यावरही ते उतरवून घेत बसले आणि काम संपल्यावर आनंदाने खोलीत एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारत खेळले. दुसऱ्याच्या हरवलेल्या संगीतासाठी एवढा जीव टाकणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या पानांचं पुढे काय झालं, ते खाली येईलच.

या टप्प्यातली शेवटची मोठी वाद्यवृंदकृती म्हणजे 'ओव्हर्चर दी बॅलो', नृत्याची नांदी. ३१ ऑगस्ट १८७० रोजी बर्मिंगहॅमच्या त्रैवार्षिक महोत्सवात ते पहिल्यांदा झालं. पोलोनेझ, वॉल्ट्झ, गॅलॉप हे तीन नाच एका ओघात. इथे सलिव्हन पूर्ण मोकळा झालेला आहे. सिंफनीचा भार नाही, मेंडेल्सनचं ओझं नाही. वॉल्ट्झच्या चालीत फ्लूट आणि क्लॅरिनेट एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालतात. गॅलॉप सुरू झाला की खुर्चीत बसणं कठीण होतं. त्याच्या सगळ्या शुद्ध वाद्यवृंदकृतींत हीच एक कायम वाजत राहिली, आणि तसं होणं रास्तच आहे. विस्तार जिथे नाचाचा असतो, एकामागून एक चाल येणं हीच जिथे रचना असते, तिथे सलिव्हनचा हात कुणी धरू शकत नाही.

मग दुसरी सिंफनी का नाही? हा प्रश्न सव्वाशे वर्षं विचारला जातोय. नेहमीचं उत्तर गिल्बर्ट आणि त्या दोघांच्या ऑपेरांचा निर्माता डॉयली कार्ट यांच्याकडे बोट दाखवतं. पण तारखा पाहा. 'थेस्पिस' १८७१ च्या नाताळातलं, 'ट्रायल बाय ज्युरी' १८७५ चं, 'पिनाफोर' १८७८ चं. सिंफनी १८६६ ची. दुसरी सिंफनी न लिहिण्याचा निर्णय, निर्णय म्हणावा तर, गिल्बर्ट भेटायच्या आधीच झालेला होता. कारण सरळ आहे. इंग्लंडमध्ये सिंफनी लिहून पोट भरत नसे. एक प्रयोग, दोन प्रयोग, वर्तमानपत्रात कौतुक, आणि हस्तलिखित परत कपाटात. महोत्सव पैसे देत, पण त्यांना हवी असत गायनवृंदाची मोठमोठी धार्मिक कामं. प्रकाशक घरच्या पियानोवर गाता येतील अशी गाणी मागत. वडील गेल्यावर आईची जबाबदारी त्याच्यावर आली होती. अशा माणसाने नाटकघराकडे वळण्यात मला काही भ्रष्ट दिसत नाही.

तरी जखम होतीच, आणि समाजाने ती चिघळवली. १८८३ मध्ये सलिव्हन आणि ग्रोव्ह यांना एकाच दिवशी नाइटहूड मिळालं. संगीताच्या एका नियतकालिकाने तेव्हा बजावलं की मिस्टर सलिव्हनला जे चाललं ते सर आर्थरला शोभणार नाही. 'मिकाडो' त्यानंतर दोन वर्षांनी आलं आणि त्याचे सलग ६७२ प्रयोग झाले. १९०० मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी 'कॉर्नहिल मॅगझिन'मध्ये जे. ए. फुलर मेटलंडने त्याच्या कारकिर्दीचा निष्ठुर पंचनामा केला: देणगी मोठी, पण उधळलेली. १९०५ मध्ये एल्गारने बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या आपल्या व्याख्यानांत त्या लेखाचा जाहीर समाचार घेतला. एल्गारसारख्या माणसाने हे करावं याला वजन आहे, पण तोवर गोष्ट ठरून गेली होती. इंग्लिश संगीताच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास पॅरी आणि स्टॅनफर्डपासून सुरू होतो, असं पाठ्यपुस्तकांनी लिहिलं. सलिव्हनची सुरुवातीची कामं त्या कथेत बसत नव्हती, म्हणून ती आधीच्या अंधारयुगात ढकलली गेली.

खरं तर ती कामं गेली कुठेच नव्हती. सॅव्हॉयच्या खड्ड्यात तीसएक वादक बसत. ओबो एकच, बासून एकच. १८८८ मध्ये 'द यिओमेन ऑफ द गार्ड'साठी सलिव्हनने दुसरा बासून मागून घेतला, ती मागणी त्याला केवढी महत्त्वाची वाटली असेल! त्याच्या पुष्कळ ऑपेरांची ओव्हर्चर सहकाऱ्यांनी जोडून दिलेली आहेत, 'मिकाडो'चं हॅमिल्टन क्लार्कने केलं. पण 'आयोलान्थी'चं त्याने स्वतः लिहिलं. परीराज्याची ती गोष्ट, आणि सुरुवातीच्या पट्ट्यांत तंतुवाद्यं ज्या हळुवारपणे उघडतात, फुंकवाद्यं ज्या सावधपणे आत येतात, ते ऐकल्यावर वीस वर्षांपूर्वीचं 'टेम्पेस्ट' आठवतं. तेव्हा शिकलेलं सगळं इथे आहे, फक्त आता ते गाणाऱ्याच्या वाटेत येत नाही. विनोद शब्दांत असतो तेव्हा सलिव्हनचा वाद्यवृंद गंभीर राहतो, आणि त्यामुळेच तो विनोद टिकतो. गांभीर्याची ही तालीम ज्या रचनांत झाली, त्यांना उमेदवारी म्हणून बाजूला कसं ठेवणार?

पानांची गोष्ट राहिली. ६ मे १९६४ रोजी लंडनमध्ये चॅपल या प्रकाशनसंस्थेला आग लागली आणि चेलो कॉन्चेर्टोची एकमेव पूर्ण स्वरसंहिता, वाद्यभागांसकट, जळून गेली. छापलेली प्रत कधी निघालीच नव्हती. उरला होता एकट्या चेलोचा भाग, त्यात वाद्यवृंद कुठे काय वाजवतो याच्या काही खुणा. आणि एक माणूस उरला होता. चार्ल्स मॅकेरसने आगीच्या आधी, १९५३ मध्ये, या कॉन्चेर्टोचं संचालन केलेलं होतं. सलिव्हनच्या चालींवर 'पाइनॅपल पोल' हे बॅले बांधणारा तोच. त्याने आठवणीच्या बळावर आणि डेव्हिड मॅकीने अभ्यासाच्या बळावर तो कॉन्चेर्टो पुन्हा उभा केला. १९८६ मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये ज्युलियन लॉइड वेबरने लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर तो वाजवला. पियातीने पहिल्यांदा वाजवल्याला तेव्हा एकशे वीस वर्षं होत आली होती. जे ऐकू येतं त्यातलं किती सलिव्हनचं आणि किती मॅकेरसच्या स्मृतीचं हे कुणी रेघ ओढून सांगू शकत नाही. मला ते चालतं. संथ भागातला चेलो तरी नक्की त्याचाच आहे, तो जळला नव्हता.

ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत परिस्थिती आता पुष्कळ बरी आहे. सिंफनीसाठी सर चार्ल्स ग्रोव्ह्ज यांनी रॉयल लिव्हरपूल फिलहार्मोनिकबरोबर १९६८ मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण मला अजूनही सगळ्यात जिवंत वाटतं. रिचर्ड हिकॉक्सचं बीबीसी फिलहार्मोनिकबरोबरचं जास्त तकतकीत आहे. 'ओव्हर्चर दी बॅलो' कुठेही सापडेल. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या सर आर्थर सलिव्हन सोसायटीने बाकीच्या विसरलेल्या कृतींची हस्तलिखितं आणि प्रयोग यांसाठी चिकाटीने काम केलं आहे.

नव्याने ऐकणाऱ्याने क्रमाच्या भानगडीत पडू नये. आधी 'दी बॅलो' लावावं, मग 'टेम्पेस्ट'मधले नाच. 'इन मेमोरियम' एकट्याने, रात्री. आणि सिंफनी ऐकायची तर पहिल्या भागाच्या पावसातून जावं, दुसऱ्या भागात थोडं विसावावं, आणि अलेग्रेत्तो सुरू झाल्यावर ओबोकडे कान द्यावा. सँडहर्स्टच्या तालमीच्या खोलीत एका बँडमास्तराने आपल्या लहान मुलाच्या हाती एकेक वाद्य दिलं होतं. त्या वाद्यांतलं एक आता बोलत असतं.